नेत्रप्रतिमांचे संगणकीय परीक्षण व तज्ज्ञांचा निर्णय

दृष्टिपटलाचे छायाचित्र घेऊन त्यात रोगाची चिन्हे आहेत किंवा कसे हे संगणकाकडून ठरवून घेण्याची व तो निर्णय नेत्रतज्ज्ञांच्या निर्णयाशी ताडून पाहण्याची पद्धती. हिचा मुख्य उपयोग मधुमेहजन्य दृष्टिपटलविकृतीच्या प्राथमिक तपासणीत होतो. कारण ही विकृती बराच काळ दृष्टीस बाध न आणता वाढत जाते आणि रुग्ण तक्रार घेऊन दवाखान्याची पायरी चढेपावेतो इलाजाची उत्तम वेळ पुष्कळदा टळून गेलेली असते.

या विषयातील महाराष्ट्राची कामगिरी मोलाची आहे. नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयातील ५१६ छायाचित्रांचा संग्रह तेथील श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासकांस खुला केला. त्यांपैकी ८१ छायाचित्रांत केशवाहिन्यांवरील सूक्ष्म फुगवटे, रक्तस्राव, पिवळसर कठीण डाग आणि कापसासारखे पांढुरके डाग यांच्या सीमा रेखून दिल्या असल्याने, संगणकाने रोग ओळखला एवढेच नव्हे, तर तो नेमका कोठे पाहिला, याचाही पडताळा घेता येतो.

मुंबईत डॉ. एस. नटराजन प्रभृतींनी महानगरपालिकेच्या दवाखान्यांत, इंटरनेटवाचून स्मार्टफोनवर चालणाऱ्या प्रणालीची परीक्षा घेतली (प्रसिद्धी २०१९). २१३ रुग्णांच्या छायाचित्रांवरून, पुढे तज्ज्ञांकडे धाडण्याजोगी विकृती ओळखण्यात तिची संवेदनक्षमता (विकृती असलेल्यांपैकी अचूक ओळखलेल्यांचे प्रमाण) १०० टक्के व विशिष्टता (विकृती नसलेल्यांपैकी तसे अचूक ठरविलेल्यांचे प्रमाण) ८८.४ टक्के भरली. मात्र हा शंभराचा आकडा तशी विकृती असलेल्या अवघ्या १५ रुग्णांवर उभा असून त्याची सांख्यिकीय खालची मर्यादा ७८.२ टक्के आहे, हे लक्षात न घेता तो मिरविणे रुग्णांच्या हिताचे नाही. सौम्य अवस्थेसह कोणतीही विकृती ओळखण्यात संवेदनक्षमता ८५.२ टक्क्यांवर उतरते.

तज्ज्ञांचा निर्णय हा मानदंड खरा, पण तोही एकमुखी नसतो. एकच पुसट ठिपका एकास फुगवटा वाटतो, दुसऱ्यास छायाचित्रातील दोष. म्हणूनच गूगलच्या २०१६ च्या अभ्यासात प्रणालीस शिकविण्यासाठी वापरलेले प्रत्येक छायाचित्र तीन ते सात वेळा तपासले गेले. मतभेद झाल्यास तज्ज्ञांनी परस्पर चर्चेने निवाडा करणे हा अधिक विश्वसनीय मार्ग होय.

आकडे असे थोड्या रुग्णांवरचे आणि मानदंडही एकमुखी नाही; तेव्हा मुंबईचा दाखला भिवंडी तालुक्यातील अंजूरसारख्या गावी जसाच्या तसा लागू धरता येत नाही. तेथे प्रणाली नेणाऱ्याने स्थानिक रुग्णांवर तिचा नव्याने ताळा घ्यावा, मोतीबिंदूमुळे धूसर आलेली छायाचित्रे हिशेबातून वगळू नयेत, आणि ज्याचे छायाचित्र प्रणालीस वाचता आले नाही त्यास निरोगी न समजता नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे.