न बांधलेल्या दुर्बिणीचा वंश

आल्माचा मूळपुरुष कधी उभाच राहिला नाही. चिलीच्या आताकामा वाळवंटात, ५००० मीटर उंचीवरच्या चाखनांतोर पठारावर आज आल्माचे ६६ अँटेना मिळून एकच दुर्बीण म्हणून काम करतात. त्यांची कुळी शोधत मागे गेलं, की आपण पोचतो २५ मीटर व्यासाच्या एका तबकडीच्या आराखड्याशी. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेला ही तबकडी हवाईतल्या मौना केआ पर्वताच्या माथ्यावर बसवायची होती. तिच्यावर कित्येक वर्षं काम झालं, आणि १९८२ मध्ये, पैसा मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, प्रकल्प गुंडाळला गेला. ती दुर्बीण झाली असती, तर आल्मा निदान आहे त्या रूपात झाली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

अशी दुर्बीण हवी होती कशासाठी, ते आधी सांगायला हवं. १९७० मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियास यांनी अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरची ३६ फुटी तबकडी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे वळवली. त्यांना २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर कार्बन मोनॉक्साइडची खूण सापडली, आणि तीही अपेक्षेपेक्षा कितीतरी ठळक. तारे जन्मतात ते थंड, धुळीनं भरलेल्या ढगांत. त्या ढगांत सर्वाधिक असतो हायड्रोजनचा रेणू, पण इतक्या थंडीत तो जवळजवळ काहीच प्रारण सोडत नाही. त्याच्या वतीनं बोलतो कार्बन मोनॉक्साइड. साध्या दुर्बिणीला धूळ आडवी येते, मिलिमीटर लहरींना ती येत नाही. त्या एका नोंदीनं खगोलशास्त्राची एक नवी शाखाच उघडली आणि जो तो मोठ्या तबकडीचं स्वप्न पाहू लागला.

पण या लहरींना एक शत्रू आहे, हवेतलं बाष्प. पुढे आल्माच्या बाबतीत जे जे ठरलं, त्यातल्या बहुतेक गोष्टींच्या मुळाशी हाच शत्रू आहे.

आपल्याकडच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीशी ताडून पाहिलं, की हे चटकन ध्यानात येतं. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी दाटीनं आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. त्या ऐकतात साधारण २० सेंटीमीटर ते दोन मीटर तरंगलांबीच्या लहरी. एवढ्या लांब लहरी बाष्पातून विनासायास पार होतात, म्हणून ही दुर्बीण डोंगरमाथ्यावर न्यावी लागली नाही. तबकडीचा पृष्ठभागही सलग धातूचा नाही, पोलादी तारांच्या जाळीचा आहे, कारण मीटरभर लांबीच्या लहरीला सेंटीमीटरभर भोकाची जाळी भिंतीसारखीच असते. तरंगलांबी हजार पटींनी कमी करा, की दोन्ही सवलती जातात. पावसाळ्यात कोकणावरच्या आकाशातलं सगळं बाष्प पाणी करून जमिनीवर पसरलं, तर पाच सेंटीमीटरांच्या आसपास थर होईल. चाखनांतोरवर हाच थर चांगल्या दिवसांत एक मिलिमीटरही भरत नाही.

२५ मीटरची दुर्बीण बारगळल्यावर अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांची एक समिती बसली, अध्यक्ष अ‍ॅलन बॅरेट. १९८३ मध्ये समितीनं सांगितलं, की एकच मोठी तबकडी उभारण्यापेक्षा पुष्कळ लहान तबकड्या जोडून काम करणारा समूह बांधा. या विचारामागची विद्या तोवर जुनी झाली होती. दूरदूरच्या अँटेनांचे संकेत जोडीजोडीनं एकत्र करून जणू एकाच प्रचंड दुर्बिणीचं चित्र मिळवण्याची ही रीत. तिच्यासाठी केंब्रिजच्या मार्टिन राइल यांना १९७४ चं नोबेल मिळालं होतं, आणि न्यू मेक्सिकोतला २७ तबकड्यांचा व्हेरी लार्ज अ‍ॅरे १९८० पासून तिच्यावरच चालत होता. १९९० मध्ये अमेरिकेनं आपला मिलिमीटर समूहाचा प्रस्ताव मांडला तो ८ मीटरच्या ४० तबकड्यांचा.

मग जागेचा प्रश्न आला. मौना केआ उंच आणि कोरडा, पण माथा अरुंद. तबकड्या किलोमीटरभर अंतरांवर पसरायच्या तर सपाट जमीन हवी, आणि उंच पर्वताच्या शेंड्यावर ती कुठून मिळणार? तेव्हा सगळ्यांची नजर चिलीकडे वळली. मासातो इशिगुरो यांचा जपानी गट आपल्या प्रकल्पासाठी तिथे आधीच फिरत होता. १९९४ मध्ये चिलीचे एर्नान किंताना, कॉर्नेलचे रिकार्डो जोव्हानेली, अमेरिकी वेधशाळेचे पॉल व्हँडेन बाउट आणि रॉबर्ट ब्राउन, आणि युरोपीय दक्षिण वेधशाळेचे आंखेल ओतारोला ही मंडळी सान पेद्रो दे आताकामाहून हामा खिंडीच्या रस्त्यानं वर चढली आणि चाखनांतोरच्या पठारावर पोचली. मौना केआहूनही उंच, आणि तरीही मैलोनमैल पसरलेली मोकळी जमीन. अर्जेंटिनाकडे जाणारा रस्ता जवळून गेलेला, हे तर मोठंच भाग्य. रस्ता नसता तर त्या पठाराचा विचार कुणी गंभीरपणे केला असता का, अशी शंका वाटते.

नुसतं पाहून कुणी ५००० मीटरवर कोट्यवधी डॉलर लावत नाही. १९९५ पासून तिथे मोजमापाची उपकरणं बसली. एक यंत्र हवेची पारदर्शकता मोजत होतं. दुसरं होतं ३०० मीटर अंतरावरच्या दोन लहान तबकड्यांचं. त्या एका स्थिर उपग्रहाचा संकेत सतत ऐकत आणि मधल्या हवेमुळे तो दोघींकडे किती मागेपुढे पोचतो, हे नोंदवत. वर्षानुवर्षांच्या या नोंदींनी पठाराची खात्री पटवली.

एव्हाना त्याच वाळवंटावर तीन स्वप्नं रेखली गेली होती. अमेरिकेचं वर सांगितलंच. युरोपाला हवा होता १० हजार चौरस मीटर क्षेत्रफळाचा दक्षिणी समूह, म्हणजे १६ मीटरच्या सुमारे ५० तबकड्या. जपानच्या मनात १० मीटरच्या ५० होत्या. तिघांनाही कळून चुकलं, की स्वतंत्र बांधलं तर तिघांचंही अपुरं राहील. १९९७ मध्ये अमेरिका आणि युरोपानं एकत्र यायचं ठरवलं, १९९९ मध्ये सामंजस्य करार झाला, २००३ मध्ये पायाभरणी. जपान २००४ मध्ये रीतसर सामील झाला.

तबकडीचा व्यास किती, यावरची चर्चा मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. ८ मीटरची तबकडी एका वेळी आकाशाचा मोठा तुकडा पाहते आणि तिचा पृष्ठभाग अचूक राखणं सोपं जातं. पण पुरेसं क्षेत्रफळ हवं तर तबकड्यांची संख्या वाढते, आणि प्रत्येकीला वेगळा, उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेला महागडा संकेतग्राहक लागतो. १६ मीटरच्या थोड्या तबकड्यांत हा खर्च वाचतो, पण एवढी मोठी तबकडी उघड्या वाऱ्यात आणि उन्हात आकार न बदलता ठेवायची कशी? सर्वांत लहान लहरींसाठी तर ते जवळजवळ अशक्य. शेवटी १२ मीटरवर एकमत झालं. प्रत्येकानं आपला आकडा सोडला. याला नुसती तडजोड म्हणता येणार नाही, कारण आकडा वैज्ञानिक उद्दिष्टांना ताडून ठरला होता. आपल्या आकाशगंगेसारख्या पण अतिदूरच्या दीर्घिकेतला कार्बन एका दिवसाच्या आत टिपता यायला हवा. सुमारे ५०० प्रकाशवर्षांवरच्या बालताऱ्याभोवती ग्रह घडवणाऱ्या चकतीतल्या वायूची हालचाल दिसायला हवी. आणि चित्र एका अंशाच्या छत्तीस हजाराव्या भागाइतकं बारीक हवं. उद्दिष्टं आधी लिहून मग पोलाद कापणं ही शिस्त मोठ्या प्रकल्पांत वाटते तितकी सर्रास नसते.

त्यातून निघालेल्या अटी कडक होत्या. १२ मीटरच्या पृष्ठभागात २५ मायक्रॉनहून जास्त खोट चालणार नाही, म्हणजे केसाच्या जाडीच्याही निम्म्याहून कमी. दीड अंश वळून स्थिर व्हायला फक्त दीड सेकंद. घुमट नाही, आडोसा नाही, ऊन, वारा आणि हिम अंगावर घेत रात्रंदिवस काम. तीन नमुने न्यू मेक्सिकोत उभे करून तपासले गेले. पुढे अमेरिकेनं आपले २५ अँटेना एका कंपनीकडून घेतले, युरोपानं २५ दुसऱ्या कंपनीसमूहाकडून आणि जपानच्या मित्सुबिशीनं १६ दिले. तीन घराण्यांचे अँटेना एकाच समूहात नांदवणं अभियंत्यांना जड गेलं, पण प्रत्येक देशाला आपल्या उद्योगाला काम द्यायचं होतं. अँटेनांच्या किमती अंदाजाबाहेर गेल्या तेव्हा, २००५ मध्ये, मूळच्या ६४ वरून मुख्य समूहाची संख्या ५० वर आणावी लागली.

उरलेले १६ जपानचे. दोन तबकड्या एकमेकींना खेटवता येत नाहीत, म्हणून मोठ्या तबकड्यांच्या समूहाला आकाशातल्या फार पसरट आकृत्या दिसतच नाहीत. त्यासाठी ७ मीटरच्या १२ लहान तबकड्या दाटीनं मांडल्या, सोबत १२ मीटरच्या चार दिल्या. या लहान समूहाच्या मांडणीमागे कोइचिरो मोरिता यांची बुद्धी होती. २०१२ मध्ये सांतियागोत त्यांचा मृत्यू झाला आणि समूहाला त्यांचं नाव दिलं गेलं.

तबकड्या हलत्या ठेवायच्या, हेही सुरुवातीलाच ठरलं होतं. जवळ आणल्या, तर दीडशे मीटरांत मावतात, पसरल्या, तर १६ किलोमीटर. न्यू मेक्सिकोत हे काम रुळांवरून होतं, इथे २८ चाकांच्या दोन गाड्या आहेत, ओटो आणि लोरे. सुमारे १०० टनांचा अँटेना उचलून त्या काँक्रीटच्या ठरलेल्या चौथऱ्यावर काही मिलिमीटरांच्या चुकीनं ठेवतात. चालकाच्या खुर्चीची पाठ पाठीवरच्या ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी मुद्दाम तशी घडवली आहे. त्या उंचीवर हवा निम्मीच असते. विरळ हवेनं यंत्रंही अडतात. फिरत्या चकतीचं वाचकटोक हवेच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणून तिथल्या संगणकांत फिरत्या हार्ड डिस्क चालत नाहीत.

आता या कुळकथेत आपल्या ओळखीचं नाव येतं. दूरदूरच्या अँटेनांचे संकेत जुळवायचे तर मधल्या तारेची लांबी लहरीच्या अंशाइतकी नेमकी ठाऊक हवी, आणि तार तर उन्हाथंडीनं लांबते-आखडते. गोविंद स्वरूप स्टॅनफर्डला असताना त्यांनी आणि यांग यांनी १९६१ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. केंद्रातून संकेत अँटेनापर्यंत पाठवायचा, तिथून ओळखता येईल असा परतवायचा, आणि जाऊन-येऊन झालेल्या प्रवासावरून तारेची लांबी काढायची. आल्मात तारेच्या जागी काचेचा तंतू आणि त्यातून जाऊन परत येणारा लेझर आहे. तंतूची लांबी जराही बदलली, की तो तिथल्या तिथे ताणून वा सैल करून ती भरून काढली जाते. स्वरूप १९६३ मध्ये भारतात परतले. सिडनीच्या पॉट्स हिलवरून भेट मिळालेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला उभ्या केल्या, पुढे उटीची दुर्बीण बांधली आणि मग खोडद घडवलं. जीएमआरटी आणि आल्मा दिसायला वेगळ्या, पण रक्ताच्या नात्यातल्या आहेत.

तारेची लांबी कळली, तरी हवा उरतेच. एक मिलिमीटर बाष्प लहरीच्या वाटेत सुमारे साडेसहा मिलिमीटरांची भर घालतं. आल्माच्या सर्वांत लहान लहरी एक तृतीयांश मिलिमीटरहूनही आखूड, म्हणजे दोन तबकड्यांवरच्या बाष्पात केसभर फरक पडला, तरी चित्र विस्कटतं. म्हणून १२ मीटरच्या प्रत्येक तबकडीत एक यंत्र बसवलं, जे १८३ गिगाहर्ट्झवर बाष्पाचीच लहर ऐकतं आणि सेकंदागणिक दुरुस्ती सांगतं. इतक्या उंचीवर जाऊनही शत्रू पुरता सुटला नाही, तेव्हा त्याचीच मोजदाद ठेवण्याचा हा मार्ग निघाला.

३० सप्टेंबर २०११ रोजी १६ अँटेनांवर निरीक्षणं सुरू झाली, १३ मार्च २०१३ रोजी उद्घाटन झालं. २०१४ मध्ये तबकड्या १५ किलोमीटरपर्यंत पसरून वृषभ राशीतल्या एचएल टॉरी या बालताऱ्याचं चित्र घेतलं. त्याच्या चकतीत एकात एक कडी आणि मधल्या काळ्या फटी स्वच्छ दिसल्या. घडणाऱ्या ग्रहांच्या खुणा इतक्या लहान वयाच्या ताऱ्याभोवती असतील, असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. तो तारा सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे. उद्दिष्टांच्या यादीत लिहिलेल्या अंतराच्या अगदी जवळ.

वंश अजून वाढतो आहे. अँटेनांचे संकेत एकत्र करणारा महासंगणक आजवर ५००० मीटरवर आहे, आणि तिथल्या विरळ हवेत त्याला थंड ठेवायला दुप्पट वारा खेळवावा लागतो. त्याची जागा घेणारा नवा संगणक २९०० मीटरवरच्या तळावर बसवायचं ठरलं आहे, संकेत नव्या काचतंतूंतून खाली येतील. अँटेना मात्र वरच राहतील, कारण त्यांना लागते तेवढी कोरडी हवा २९०० मीटरवर मिळत नाही.