एका नावाड्याचे जठर

ह्युरॉन आणि मिशिगन या दोन विशाल सरोवरांच्या सांध्यावर मॅकिनॉ नावाचे जे लहानसे बेट आहे, त्याचे नाव शरीरशास्त्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले, ते तेथे एखादे विद्यापीठ किंवा प्रयोगशाळा होती म्हणून नव्हे, तर तेथे कातड्यांची वखार होती म्हणून. युरोपातील श्रीमंतांच्या टोप्यांसाठी लागणाऱ्या बीव्हरच्या केसाळ कातड्यांचा व्यापार त्या काळी जॉन जेकब अ‍ॅस्टर याच्या अमेरिकन फर कंपनीच्या हाती मोठ्या प्रमाणावर एकवटला होता. आणि दर उन्हाळ्यात ओजिब्वे व ओडावा शिकारी, दलाल, कारकून आणि फ्रेंच बोलणारे कॅनडातील नावाडी असा मोठा समुदाय या बेटावर गोळा होऊन वर्षभराच्या मालाचा हिशेब चुकता होत असे. व्हॉयाजर म्हणून ओळखले जाणारे हे नावाडी नव्वद-नव्वद पौंडांची दोन-दोन गाठोडी पाठीवर घेऊन एका नदीतून दुसऱ्या नदीपर्यंतची वाट तुडवीत, आणि ठरावीक मुदतीच्या करारनाम्याने मालकाशी बांधलेले असत. मुदतीपूर्वी निघून जाणारा नावाडी कंपनीच्या दप्तरी फरारी ठरत असे. हा करारनामा वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण माणसाच्या पोटात अन्नाचे काय होते याचे पहिले प्रत्यक्ष ज्ञान ज्या संबंधातून जगाला मिळाले, तो संबंध याच व्यापाराच्या रीतीरिवाजांतून घडला, असे माझे मत आहे.

6 जून 1822 रोजी कंपनीच्या दुकानात कोणाच्या तरी हातातील छर्ऱ्यांची बंदूक अकस्मात उडाली आणि दोन-तीन फुटांवर उभा असलेला अलेक्सिस सेंट मार्टिन हा तरुण नावाडी कोसळला. डाव्या बाजूच्या बरगड्या फुटल्या होत्या, फुप्फुसाचा भाग बाहेर आला होता, आणि जठराला पडलेल्या भोकातून सकाळची न्याहारी वाहत होती. बेटावरील किल्ल्याच्या फौजेचा वैद्य विल्यम बोमाँट तातडीने आला. हा मनुष्य छत्तीस तासही काढणार नाही, असा त्याचा अंदाज होता. कनेक्टिकटमधील शेतकऱ्याच्या पोटी 1785 साली जन्मलेल्या बोमाँटकडे कोणत्याही महाविद्यालयाची पदवी नव्हती. व्हर्माँटमधील एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करून तो ही विद्या शिकला होता. त्याने केलेली शुश्रूषा मात्र असामान्य होती. पहिले सतरा दिवस खाल्लेले सारे अन्न जखमेतून बाहेर येत असल्यामुळे रोग्याला बस्तीवाटे पोषण द्यावे लागले. पुढे महिनोन् महिने हाडांचे आणि कूर्चांचे तुकडे बाहेर पडत राहिले. आणि अखेर जखम भरली ती अशी की, जठराच्या भिंतीची कड छातीच्या भिंतीला चिकटून एक कायमचे छिद्र राहून गेले. कालांतराने त्या छिद्रावर आतून जठराच्याच अस्तराची एक घडी येऊन बसली, जी बोटाने सहज आत लोटता येई.

दरम्यान स्थानिक प्रशासनाने या निर्धन माणसाचा खर्च यापुढे सोसण्याचे नाकारले, आणि त्याला नावेत घालून शेकडो मैलांवरील त्याच्या मुलखात परत धाडण्याचे ठरविले. हा प्रवास म्हणजे मृत्यूच, हे जाणून बोमाँटने 1823 साली त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. ही भूतदया खरी होती, याविषयी मला शंका नाही. आणि त्या छिद्रातून काय पाहावयास मिळेल याची जाणीव त्याला पुढे झाली, हेही तितकेच खरे आहे.

त्या काळी जठराविषयी विद्वानांत मोठा मतभेद होता. गॅलेनच्या परंपरेतील वैद्य पचन म्हणजे शरीरोष्णतेने होणारे शिजणे असे मानीत. इटलीतील बोरेल्लीचे अनुयायी जठराला केवळ दळण्याचे यंत्र समजत. तर कोणी त्याला आंबण्याची क्रिया म्हणत. फ्रान्समधील रेओम्युरने 1752 साली एका पाळलेल्या शिकारी पक्ष्याला धातूच्या सच्छिद्र नळ्यांत मांस घालून गिळावयास लावले, आणि दळणे शक्यच नसलेल्या त्या नळीत मांस विरघळते हे सिद्ध केले. त्यानंतर स्पालानझानीने कापडाच्या लहान पिशव्या स्वतः गिळून तोच निष्कर्ष मानवापर्यंत आणला. लंडनच्या विल्यम प्राउटने जठररसातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे सांगितले, तेही याच सुमारास, 1824 मध्ये. परंतु जिवंत, निरोगी माणसाच्या जठरात क्रिया चालू असताना डोकावून पाहण्याची संधी यांपैकी कोणालाही मिळाली नव्हती.

ती सीमेवरच्या या लष्करी वैद्याला मिळाली. बोमाँटची बदली नायगारा किल्ल्यावर झाली तेव्हा सेंट मार्टिनही त्याच्याबरोबर गेला. आणि 1 ऑगस्ट 1825 रोजी भर दुपारी बारा वाजता रेशमी दोऱ्याला बांधलेले गोमांस, खारवलेले डुकराचे मांस, शिळ्या पावाची फोड आणि कच्च्या कोबीचे काप त्या छिद्रातून जठरात सोडण्यात आले. तासाभराने दोरा ओढून पाहता कोबी आणि पाव सुमारे निम्मे विरले होते, मांस जसेच्या तसे होते. आणखी एका तासाने कोबी, पाव, डुकराचे मांस आणि उकडलेले गोमांस दोऱ्यावरून नाहीसे झाले होते. या शोधाचे कौतुक करताना त्याच दिवशीची दुसरी नोंद वगळणे अन्यायाचे होईल: त्या संध्याकाळी सेंट मार्टिनच्या पोटात दुखू लागले, डोके चढले, अंगात त्राण राहिले नाही, आणि दुसऱ्या दिवशी औषधाच्या गोळ्या त्याच्या तोंडाने नव्हे, तर त्याच छिद्रातून आत टाकण्यात आल्या. काही दिवसांनी बोमाँटने काढलेला जठररस शिशीत घालून, शरीराच्या उष्णतेइतक्या, म्हणजे 100 अंश फॅरनहाइट, उष्णतेवर ठेवला, आणि त्यातील मांसही विरघळले. मात्र जठरापेक्षा कितीतरी सावकाश. पचन ही मूलतः रासायनिक क्रिया आहे, आणि जठराची हालचाल तिला साहाय्य करते, हे त्या शिशीने दाखवून दिले.

त्याच वर्षी सेंट मार्टिन कोणालाही न विचारता कॅनडात निघून गेला, तेथे त्याने लग्न केले आणि पुन्हा नावेवर राबू लागला. त्याचा माग काढण्याचे काम कातड्यांच्या व्यापाऱ्यांनीच केले. 1829 साली तो बायको-मुलांसह मिसिसिपीकाठच्या प्रेअरी डू शीन येथे आणला गेला, आणि बोमाँटच्या घरी लाकडे फोडण्यापासून सर्व चाकरी करीत असतानाच त्याच्यावरील प्रयोग पुन्हा सुरू झाले. रिकाम्या जठराचे अस्तर फिकट गुलाबी व मखमली दिसते. अन्नाचा स्पर्श होताच त्यावरील सूक्ष्म उंचवट्यांतून निर्मळ रसाचे थेंब पाझरू लागतात. उपाशी जठरात हा रस साठून राहत नाही. अति मद्यपानानंतर अस्तरावर लालसर चट्टे उठतात. आणि मनुष्य रागावला असता पचनाचा क्रम बिघडून जठरात पित्त चढते, ही सारी निरीक्षणे या माणसाच्या पोटातून आली. शेवटच्या निरीक्षणासाठी सेंट मार्टिनला रागावण्याची कारणे पुष्कळ होती.

1832 च्या ऑक्टोबरात प्लॅट्सबर्ग येथे दोघांत एक वर्षाचा करारनामा झाला. अन्न, वस्त्र, निवारा आणि वर्षाला 150 डॉलर यांच्या मोबदल्यात सेंट मार्टिनने बोमाँट नेईल तेथे जावे, सांगेल ती चाकरी करावी, आणि आपले जठर प्रयोगासाठी उपलब्ध ठेवावे, असा त्याचा आशय होता. अक्षरशत्रू नावाड्याने खाली नावाऐवजी निशाणी केली. पुढे त्याला फौजेत सार्जंट म्हणून नोंदवून त्याचे वेतन सरकारी तिजोरीतून देण्याचीही तजवीज झाली. वखारीतील चाकरीचाच नमुना येथे शरीराच्या एका अवयवाला लावला गेला होता. या कराराच्या आधारे चाललेले प्रयोग आणि पूर्वीची टिपणे मिळून जठररस व पचनक्रिया यांवरील बोमाँटचा ग्रंथ 1833 साली प्लॅट्सबर्ग येथे छापला गेला. त्यात दोनशेहून अधिक प्रयोग, 51 निष्कर्ष, आणि पदार्थागणिक वेळेचे एक कोष्टक आहे. त्यात उकडलेल्या भाताला एक तास, तर भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच तास दिलेले आहेत. या वेळा जठरापुरत्याच आहेत, कारण अन्नाचे पुढचे आणि अधिक महत्त्वाचे विघटन लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने व पित्ताच्या साहाय्याने होते, आणि अन्नरस रक्तात शोषला जातो तोही मुख्यतः तेथेच. त्या छिद्रातून तेवढे दिसणे शक्य नव्हते. आम्लाखेरीज जठररसात आणखी काहीतरी क्रियाशील द्रव्य असावे, हा बोमाँटचा तर्क मात्र 1836 मध्ये जर्मनीत श्वान नावाच्या शास्त्रज्ञाने पेप्सिन शोधले तेव्हा खरा ठरला.

1834 साली सेंट मार्टिन कुटुंबाला भेटण्यासाठी कॅनडात गेला, तो पुन्हा आला नाही. बोमाँट पुढे अनेक वर्षे पत्रे पाठवीत राहिला, रकमा वाढवीत राहिला. सेंट मार्टिनची अट एकच होती, की बायको-मुले बरोबर असावीत. या नकाराला अनेक चरित्रकारांनी कृतघ्नपणा म्हटले आहे. मला ते मान्य नाही. ज्याने प्राण वाचविले त्याचे ऋण आजन्म आपल्या पोटाने फेडीत राहावे, असे कोणताही धर्म सांगत नाही, आणि अनेक वर्षे दिलेले दान अपुरे होते, असेही नाही.

बोमाँट 1853 साली सेंट लुइस येथे, बर्फावरून घसरून झालेल्या दुखापतीनंतर वारला. ज्याला तो छत्तीस तासही देत नव्हता, तो नावाडी मात्र 24 जून 1880 पर्यंत जगला, आणि त्याला अनेक मुले झाली. त्याचे जठर मिळावे म्हणून विल्यम ऑस्लरसारखे वैद्य उत्सुक होते. पण घरच्यांनी उन्हाळ्यात देह मुद्दाम काही दिवस तसाच ठेवला, इतका की अंत्यविधीच्या वेळी तो चर्चच्या बाहेर ठेवावा लागला, आणि मग आठ फूट खोल खड्ड्यात पुरला, जेणेकरून कोणी तो उकरून नेऊ नये. 1962 साली कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी क्वेबेकमधील त्याच्या गावी त्याच्या नावाचा स्मृतिफलक बसविला. पचनक्रिया शिकविणाऱ्या आपल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, जठररसाचा धडा येईल तेव्हा बोमाँटबरोबर अलेक्सिस सेंट मार्टिनचेही नाव विद्यार्थ्यांना सांगावे.