खांबाची परदेशवारी

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी इथे होती. प्राकृत साहित्यात 'वच्छोमी' नावाची एक रचनारीती सांगतात. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त तिचं नाव येतं, आणि वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी ते वत्सगुल्माशी जोडलं आहे. राजशेखर होता कनोजच्या दरबारी. म्हणजे आमच्या मातीत घडलेली एक रीत हजार-अकराशे वर्षांपूर्वी गावाचं नाव घेऊनच उत्तरेत पोचली होती. नावासकट पोचली, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण विद्या परमुलखात गेली की बहुधा सगळ्यात आधी तिचं नावच गळून पडतं.

याउलट घडलेली एक गोष्ट सातासमुद्रापलीकडे ब्राझीलमध्ये आहे. तिथल्या बाहिया प्रांतात आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी एक लढाईची विद्या घडवली. तिचं नाव कापोएरा. लांबून पाहणाऱ्याला ती नाच वाटते: गोल रिंगण, टाळ्या, गाणं आणि मधे दोघे झुलत, वाकत, हातावर उलटे होत एकमेकांच्या अंगावरून लाथा फिरवतात. १८८८ मध्ये ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली आणि दोनच वर्षांनी आलेल्या दंडसंहितेत कापोएरा खेळणं गुन्हा ठरलं. गुन्ह्याची ही विद्या शाळेत आणली मेस्त्रे बिंबा यांनी. मेस्त्रे म्हणजे वस्ताद. १९३२ मध्ये त्यांनी साल्वादोर शहरात आपली तालीम उघडली, १९३७ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. मग १९४१ मध्ये मेस्त्रे पास्तिन्या यांनी जुन्या, संथ चालीच्या कापोएराची शाळा काढली.

१९७५ मध्ये झेलों व्हिएरा आणि लोरेमिल माशादो हे दोन बाहियन न्यूयॉर्कला गेले. नुसते खेळ दाखवून ते परतले नाहीत. राहिले, शिकवत राहिले. आज युरोप-अमेरिकेतच काय, आपल्या मुंबईतही कापोएराचे वर्ग भरतात आणि शिकणारा कुठल्याही देशाचा असो, गाणी पोर्तुगीजमध्येच म्हणतो. झुलत्या पवित्र्याला 'जिंगा'च म्हणतो, अर्धचंद्रासारख्या लाथेला 'मेया लुआ'च. रिंगणाचा ताल धरणारं वाद्य बेरिंबाऊ, म्हणजे लाकडी कमान, तिला एकच तार आणि खाली भोपळा. आपल्या एकतारीची कुणी लांबची बहीणच. २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या या रिंगणाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हे सगळं मी मल्लखांबासाठी सांगतो आहे.

मल्लखांबाची कुळकथा दोन तोंडांची आहे. एक ग्रंथातली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांनी खांबावर करायच्या व्यायामाचा उल्लेख आहे. शब्दाची फोडही सरळ आहे: मल्लाचा खांब. समोर जोडीदार नसेल तेव्हा पहिलवानाने ज्याच्याशी झुंजायचं, तो न थकणारा गडी. दुसरी कथा परंपरेने सांगितलेली. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिलं. तरुण बाळंभटदादा देवधर यांनी ते उचललं. तयारीसाठी वणीच्या सप्तशृंगीला जाऊन त्यांनी उपासना केली आणि तिथे माकडांच्या झाडावरच्या पकडी पाहून त्यांना खांबावरचे डाव सुचले, असं सांगतात. त्यातला दृष्टान्ताचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने घ्यावा. पण झाडावरच्या माकडाकडे पाहून शिकलेला माणूस खोटा वाटत नाही. अढी घातलेलं पोर नीट पाहा, पायांची ती पकड शहरी माणसाची नाहीच.

बाळंभटदादांचं खरं मोठेपण कुस्ती जिंकण्यात नाही, शिष्य घडवण्यात आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेला आणि मल्लखांबही शिष्यांबरोबर मराठी मुलखाबाहेर पडला. काशीत, बडोद्यात, माळव्यात आखाडे उभे राहिले. ही त्याची पहिली परदेशवारी म्हणायला हरकत नाही. जिथे वस्ताद गेला तिथे खांब रुजला. बडोद्यात तर द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. असलं काम एका जन्मात करणाऱ्याचं नाव आपल्या मुलांना शाळेत कळत नाही, याचं वाईट वाटतं.

आता आमच्या वऱ्हाडाकडे येतो. वाशीमहून मंगरूळपीर, कारंजा करत अमरावतीला गेलं की श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ लागतं. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये ते उभं केलं. पुढे फासावर गेलेले राजगुरूही इथे व्यायामाचं शिक्षण घेऊन गेले. याच मंडळाचं पथक १९३६ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि त्याने मल्लखांब, हुतुतू असे देशी खेळ तिथल्या लोकांना करून दाखवले. त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ ने हरवलं. हॉकीचा तो विजय देशभर घरोघर पोचला. वऱ्हाडातल्या पोरांनी ऑलिंपिकच्या नगरीत खांबावर अंग पिळून दाखवलं, हे मात्र विदर्भाबाहेर फार कुणाला माहीत नाही. रेल्वेने मुंबई, तिथून बोट, असा तो काळ. देश पारतंत्र्यात. पाठीशी सरकार नाही, तर वर्गणी देणारे लोक. एवढ्या बळावर अमरावतीची माणसं गेली, याचा अभिमान मी लपवणार नाही.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बर्लिनमध्ये मल्लखांब पाहिला गेला, रुजला नाही. पथक प्रात्यक्षिकांसाठी गेलं होतं, शाळा काढायला नव्हे, आणि तीन वर्षांत तर युरोपात महायुद्ध पेटलं. दोष कुणाचाच नाही. पण कापोएराच्या गोष्टीशेजारी ही ठेवली की फरक दिसतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खेळ शिरतो, अंगात शिरत नाही. अंगात शिरायला रोज सकाळी कुणीतरी पाय धरून 'अजून वर' म्हणावं लागतं. एरंडेल चोपडलेल्या शिसवी खांबावर मांडी पहिल्यांदा घासली जाते तेव्हा शेजारी जो उभा असतो, तोच त्या विद्येचा खरा वाहक.

असा शेजारी उभा राहणारा माणूस पुढे दादरला मिळाला. शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचं. तिथल्या उदय देशपांडे सरांनी देशोदेशी जाऊन, जर्मनीतही, वर्ग घेतले, परदेशी मुलामुलींना आपल्याकडे बोलावून शिकवलं, अंध मुलांना दोरीवर चढवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली मल्लखांब विश्वविजेतेपद स्पर्धा झाली, तेव्हा पंधरा देशांचे खेळाडू उतरले. २०२४ मध्ये देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली.

नावांची काळजी मात्र मला अजून वाटते. मल्लखांबाची भाषा अस्सल मराठी आहे. खांबालाही अंग, मान आणि बोंड असतं. काखेत खांब धरून मारलेली ती बगली, अंग दोऱ्यासारखं ओवून काढायचं तो सुईदोरा. शिवाय दसरंग, फिरकी, वेल, ताजवा. वेताच्या जागी सुताची दोरी आली तरी त्यावरचे डाव मराठीतच राहिले. ब्राझीलने 'जिंगा'चं भाषांतर होऊ दिलं नाही, तसा हट्ट आपणही धरावा. म्युनिकच्या पोरीला 'सुईदोरा' म्हणता येईल, आपण म्हणायला शिकवलं तर.

आणि परदेशाचं बोलताना घर विसरू नये. वाशीम जिल्ह्यातल्या शाळांच्या शिक्षकांना, पालकांना एकच विनंती आहे. मल्लखांबाला मैदान लागत नाही. जमिनीवर अडीच मीटरभर उंच राहील असा एक नीट पुरलेला खांब, खाली जाड गादी आणि एरंडेलाची बाटली एवढ्यावर वर्ग सुरू होतो. शिकवणारे तयार होण्याची जागा अमरावतीत आहेच. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आपल्या शाळेतला एक शिक्षक तिथे शिकून आलेला असावा, एवढं बघा.