कचेरीचा आठवडा आणि माउंट रोडचा शनिवार

मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी प्रशिक्षणासाठी चेन्नईस धाडलेला मराठी तरुण सोमवारपासून शुक्रवारपर्यंत जुन्या महाबलीपुरम मार्गावरील काचेच्या इमारतींत बैठकांमागून बैठका सोशीत असतो आणि शनिवार उजाडताच सहकाऱ्यांसमवेत चित्रपटगृहाची वाट धरतो. हा क्रम त्यास संगणकयुगाचा वाटतो; वस्तुतः तो या शहराच्या अंगी फार पूर्वीच मुरलेला आहे. मद्रासला बंदर होते, व्यापार होता, पण त्याचा तोंडवळा कचेरीचा. आणि माझे मत असे की, तेथील करमणुकीचा इतिहासही कचेरी आणि शिकवणी वगळून लिहिता येणार नाही.

शिकवणीपासूनच आरंभ करू. १७९४ साली मायकेल टॉपिंग या ईस्ट इंडिया कंपनीच्या ज्योतिर्विदाने येथे भूमापनाची शाळा काढली. तीत प्रारंभी अवघी ८ मुले होती, आणि तीच पुढे गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाली. १८१२ मध्ये फोर्ट सेंट जॉर्जचे कॉलेज निघाले, तेव्हा विलायतेहून नुकतेच उतरलेले मुलकी खात्याचे उमेदवार मुनशी-पंडितांपुढे बसून देशी भाषांचे धडे गिरवू लागले. द्राविडी भाषांचे कुल संस्कृताहून स्वतंत्र आहे हे १८१६ मध्येच मांडणारे फ्रान्सिस व्हाइट एलिस हे या संस्थेच्या चालकांपैकी एक. संस्था १८५४ मध्ये बंद पडली. नुंगमबाक्कमच्या कॉलेज रोडने तिचे नाव तेवढे राखले आहे.

परंतु साहेबास भाषा आली म्हणून कारभार चालतोच असे नाही. मद्रास इलाख्यातील कित्येक हुजूर कचेऱ्यांत सरिश्तेदारी देशस्थ घराण्यांकडे होती, आणि मुलूख तेलुगू वा तमिळ असला तरी वरिष्ठ दप्तरातील जमाबंदीचे हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारापर्यंत मराठीत ठेवले जात. या विद्येचे कॉलेज नव्हते. भाचा किंवा पुतण्या बिनपगारी उमेदवार म्हणून वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसे, कागद उतरून काढी, आणि जागा मोकळी होईपर्यंत दप्तराचे सारे मर्म आत्मसात करी. घराणेशाहीचा हा प्रकार निंद्य खरा, पण प्रशिक्षण म्हणून तो आजच्या तीन दिवसांच्या वर्गांहून सरस होता, हे नाकबूल कसे करावे? कुंभकोणमचे टी. माधवराव याच मराठी परंपरेतले. मद्रासेत शिकून, तेथील अकौंटंट-जनरलच्या कचेरीत काही काळ काम करून ते पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले, आणि डिसेंबर १८८७ मध्ये राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन मद्रासेस भरले तेव्हा स्वागतसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. सभा-बैठकांची आवडही या शहरास जुनीच: आर्मेनियन स्ट्रीटवर ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये जे सभागृह उभे राहिले, त्यास नाव मिळाले ते गोखल्यांचे.

आता माउंट रोडकडे वळू. १९१३ मध्ये वॉर्विक मेजर याने तेथे इलेक्ट्रिक थिएटर बांधले. दोनच वर्षांत ती वास्तू टपालखात्याने विकत घेतली, आणि ती अद्याप त्या टपालकचेरीच्या आवारात उभी आहे. इतरत्र जुन्या कचेऱ्यांची नाट्यगृहे होत असतील. मद्रासेत नाट्यगृहाचीच कचेरी झाली! उलट दिशेची वाहतूकही होतीच. स्वामीकण्णू व्हिन्सेंट हे तिरुचिरापल्लीस रेल्वेच्या नोकरीत असता १९०५ मध्ये त्यांनी एका फ्रेंच फिरस्त्याकडून प्रक्षेपणयंत्र घेतले, नोकरीस रामराम ठोकला आणि तंबू घेऊन गावोगाव हिंडू लागले. माउंट रोडवरील छायाचित्रकार रघुपती वेंकय्या यांनी गेइटी थिएटर बांधले, तेव्हा मद्रासेत प्रथमच एका हिंदी माणसाच्या मालकीचे चित्रपटगृह झाले.

या सर्वांत मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावा असा गृहस्थ म्हणजे आर. नटराज मुदलियार. मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या या माणसाला फाळक्यांच्या चित्रपटांनी वेड लावले, आणि तो शिकण्यास आला तो पुण्यास! तेथे लॉर्ड कर्झनवरील माहितीपटाच्या कामात असलेल्या स्ट्यूअर्ट स्मिथ नावाच्या इंग्रजाकडून त्याने कॅमेरा चालविण्याचे प्राथमिक ज्ञान घेतले आणि परत जाऊन, पुरसवाक्कमच्या मिलर्स रोडवर चित्रशाळा थाटून, सुमारे ३५,००० रुपये खर्चून, १९१७-१८ च्या सुमारास ‘कीचकवधम्’ हा दक्षिणेतला पहिला कथापट काढला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तील कीचक म्हणजे कर्झन असे प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारने त्या नाटकावर बंदी घातली, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस या योगायोगाची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही, मुदलियारांच्या मनात तसे काही असेल असे मात्र मी म्हणत नाही. त्यांचा आठवडा कसा जाई ते पाहण्यासारखे आहे. मद्रासचा उष्मा फिल्म धुण्यास मानवणार नाही म्हणून त्यांनी प्रयोगशाळा थंड हवेच्या बंगळूरास काढली होती. म्हणून आठवडाभर चित्रीकरण करावयाचे, आठवडाअखेर फिल्मची भेंडोळी घेऊन गाडीने बंगळूर गाठावयाचे, आणि सोमवारी पुनः कॅमेऱ्यापाशी हजर व्हावयाचे. लोकांच्या सुट्टीची सोय करणाऱ्यास स्वतःस सुट्टी अशी नव्हतीच.

त्याच बंगळूराहून पुढे एक बसवाहक मद्रासेत अभिनयाचे शिक्षण घेण्यास आला. मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड तेथील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’मधून रजनीकांत या नावाने पडद्यावर आले. त्यांचा ‘कबाली’ २२ जुलै २०१६ रोजी झळकला तो शुक्रवारी, म्हणजे ऐन कामाच्या दिवशी. तेव्हा चेन्नईतील एका कंपनीने, रजेच्या अर्जांचा ढीग साचू नये असे कारण देऊन, त्या दिवशी सर्वांनाच सुट्टी जाहीर केली आणि वर तिकिटेही वाटली.