चार पाने, सहा जोड्या : ओमाहा पोकरमधील पहिल्या हाताची निवड

डिसेंबर १८२९. लुइव्हिलहून न्यू ऑर्लिन्सकडे निघालेल्या वाफेच्या बोटीवर जोसेफ कॉवेल हा इंग्रज नट सहप्रवाशांचा पत्त्यांचा डाव न्याहाळत होता. त्याच्या आठवणी १८४४ मध्ये छापल्या गेल्या आणि त्यांत या डावाचे वर्णन आले. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी एवढीच पाने खेळात, आणि ती सगळीच्या सगळी वाटून टाकलेली. म्हणजे वीस पाने, चार खेळाडू, प्रत्येकाला पाच. पोकरच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक आहे.

या वीस पानांच्या खेळात निवडीला फारसा वाव नव्हता. पाने बदलून मिळत नसत, पुढे नवे पानही येत नसे. हातात आले त्यावर पैसे लावायचे किंवा हात टाकून द्यायचा, एवढेच. आणि या खेळात चार एक्के आले की विषय संपला. त्यावर मात करणारा हातच अस्तित्वात नव्हता. हे चार एक्के ध्यानात ठेवावेत.

पुढच्या काही दशकांत खेळ बावन्न पानांचा झाला, नको असलेली पाने बदलून घेण्याची मुभा आली आणि त्याबरोबर एक नवा उपद्रवही आला. पाने बदलून मिळणार म्हटल्यावर कोणीही कशावरही पैसे लावू लागले. १८७० च्या दशकात रुळलेल्या ‘जॅकपॉट’ नियमाने याला आवर घातला : हातात किमान गुलामांची जोडी असल्याशिवाय बोली उघडता येणार नाही. गुलाम म्हणजे जॅक, आणि त्या अटीने वाढत जाणारी मधली रक्कम म्हणजे जॅकपॉट. आज लॉटरीच्या जाहिरातीत झळकणारा हा शब्द मुळात ‘कोणत्या हाताने खेळ सुरू करावा’ या प्रश्नाचे उत्तर होता. ते उत्तर खेळाडूच्या अकलेवर न सोडता नियमातच लिहून टाकले होते, हे विशेष.

विसाव्या शतकात टेक्सासमधून आलेल्या होल्डेमने ही जबाबदारी पुन्हा खेळाडूवर टाकली. (टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये ठराव करून रॉब्सटाउन या गावाला होल्डेमचे जन्मस्थान म्हणून मान दिला. जुगाराबाबत कडक असलेल्या राज्याने असा ठराव करावा, हा विनोद ज्याचा त्याने घ्यावा.) होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात, टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पाने उघडतात आणि या सातांतून कोणतीही पाच घेऊन हात बांधायचा असतो. बेनी बिनियनने लास व्हेगासच्या हॉर्सशू कॅसिनोत १९७० मध्ये सुरू केलेल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमुळे हा खेळ सर्वतोमुखी झाला.

बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येतात. पण इस्पिक-बदाम असा भेद बाजूला ठेवला आणि दोन्ही पाने एकाच रंगाची आहेत की नाहीत एवढेच पाहिले, तर उरतात फक्त १६९ प्रकार. एका कागदावर मावतील एवढे. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी १९७६ च्या पुस्तकात त्यांची प्रतवार गटांत मांडणी केली आणि नवशिक्याच्या हाती एक पाठ करण्याजोगे कोष्टक आले. एक्क्यांची जोडी सर्वांत वर, मग राजांची, आणि तसेच पुढे. या कोष्टकाने एक विशिष्ट नजर घडवली : मोठे पान म्हणजे चांगले पान, आणि जोडी म्हणजे किल्ला.

ही नजर घेऊनच लोक पुढच्या खेळाकडे वळले.

१९८० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट टर्नर या खेळाडूने लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोतील पोकर-दालनाचा व्यवस्थापक बिल बॉइड याला चार पानांचा एक खेळ दाखवला. बॉइडने तो ‘नगेट होल्डेम’ या नावाने टेबलावर आणला. पुढे रूढ झालेले नाव ओमाहा. झाकली पाने दोनांऐवजी चार, पण हात बांधताना त्यांतली नेमकी दोनच वापरायची, आणि बोर्डावरची नेमकी तीन. कमी नाही, जास्त नाही.

हा ‘नेमकी दोन’चा नियम वाचायला सोपा आहे आणि टेबलावर माणसाला हटकून फसवतो. बोर्डावर चार बदाम आहेत आणि हातात बदामचा एक्का एकटाच आहे. होल्डेममध्ये हा सर्वांत मोठा कलर ठरेल, ओमाहामध्ये मात्र कलरच नाही. दुसरे बदाम हातातूनच यायला हवे. उलट बाजूने पाहिले तर हातात चारही पाने इस्पिकची आली की नवशिक्याचा चेहरा खुलतो. प्रत्यक्षात त्यांतली दोनच चालणार. उरलेली दोन निरुपयोगी तर आहेतच, शिवाय बोर्डावर हवी असलेली इस्पिकची दोन पाने त्याने स्वतःच अडवून ठेवली आहेत.

चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या होतात. ओमाहाचा हात म्हणजे वस्तुतः होल्डेमचे सहा हात एकदम. प्रत्येक खेळाडूला सहापैकी कुठली तरी जोडी आशा लावतेच, आणि म्हणून होल्डेममध्ये ज्याने निमूटपणे पाने टाकली असती तोही इथे पैसे लावून पुढचे पान पाहतो. पोकरमध्ये कॅसिनो स्वतः खेळत नाही. जमलेल्या रकमेतून किंवा बसण्याच्या वेळेवर आपला वाटा घेतो. टेबलावर जितके जास्त जण टिकतील तितका मालकाचा फायदा. चार पानांचा खेळ आणणाऱ्यांच्या मनात काय होते हा प्रश्न वेगळा. परिणाम मात्र हा झाला.

आणि सगळेच टिकून राहिले की शेवटी जिंकणारा हातही मोठा लागतो. दोन जोड्यांवर होल्डेममध्ये निश्चिंत बसणारा माणूस ओमाहात त्याच दोन जोड्यांवर खिसा रिकामा करतो. म्हणून इथे निवडीचा निकष बदलतो. एखादे पान किती मोठे आहे यापेक्षा ते बाकीच्या तिघांशी किती बोलते, हे पाहावे लागते. राजा, राणी, गुलाम आणि चव्वी असा हात घ्या. चव्वीचे कोणाशीच जमत नाही. तिच्यामुळे सहापैकी तीन जोड्या बाद झाल्या, म्हणजे चार पानांचे भाडे भरून खेळाडू तीन पानांच्या घरात राहतो आहे.

याउलट गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की हा दिसायला सामान्य हात. बोर्डावर पहिली तीन पाने नव्वी, अठ्ठी, दुर्री अशी उघडली, तर राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की, पंजी यांपैकी कोणतेही पान आले तरी सिक्वेन्स पूर्ण होतो. अशी पाने मोजली तर न दिसलेल्या ४५ पैकी २०. होल्डेममध्ये दोन्ही टोकांनी उघडा असलेला सिक्वेन्स पूर्ण करायला केवळ ८ पाने असतात. पण त्या वीस पानांतही सावध माणूस हे पाहतो की त्यांतली किती पाने खरोखर सर्वोच्च सिक्वेन्स देतात. दश्शी आली तर गुलामापर्यंतचा सिक्वेन्स बनेल आणि शेजारच्याकडे राणी-गुलाम निघाले तर सगळे ओमफस.

ओमाहासाठी स्क्लान्स्कींसारखे कोष्टक का रुळले नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. चार पाने २,७०,७२५ प्रकारे येतात. रंगांचा भेद शक्य तितका मिटवला तरी १६,४३२ प्रकार उरतात. एडवर्ड हचिसन यांनी ब्रिजमधल्यासारखी गुण मोजण्याची एक पद्धत सुचवली. नवशिक्याला ती उपयोगी पडते, पण गुण हे शेवटी कुबडीच. अनुभवी खेळाडू गुण न मोजता सहा जोड्यांवरून नजर फिरवतो : शेजारची पाने किती, एका रंगाची जोडी एक की दोन, आणि त्या रंगातले मोठे पान एक्का आहे की नव्वी.

एक्क्यांची जोडी अर्थातच इथेही हवीहवीशी असते. होल्डेममध्ये ती २२१ हातांत एकदा येते, ओमाहात साधारण ४० हातांत एकदा. तेव्हा तिचे अप्रूपही तेवढेच कमी. सोबतीला सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची असली, तर दोन रंगांत जुळलेल्या गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठीसमोर ही जोडी जवळपास बरोबरीत येऊन ठेपते. सोबत राजांची जोडी, तीही एक्क्यांच्याच दोन रंगांत, असा वैभवशाली हात पूर्ण कॅटमधून फक्त ६ प्रकारे येतो.

आणि चार एक्के? २,७०,७२५ हातांत ते एकदाच येतात. त्यांतले दोनच मोजायचे, उरलेले दोन हातातच अडकलेले; म्हणजे बोर्डावर तिसरा एक्का येण्याची शक्यता शून्य. कलर नाही, सिक्वेन्स नाही, आणि फुल हाउस हवे तर बोर्डावरच तीन सारखी पाने पडायला हवीत. कॉवेलच्या बोटीवर ज्या हाताला मरण नव्हते, तोच हात ओमाहाच्या टेबलावर जाणता खेळाडू पहिल्याच फेरीत खाली ठेवतो.