पिक्चरच्या आधीचं सरकारी रीळ

वऱ्हाडातल्या खामगाव-मलकापूरच्या टॉकीजमध्ये किंवा जत्रेतल्या तंबूत ज्यांनी सत्तरच्या दशकात पिक्चर पाहिले, त्यांना 'न्यूज' ठाऊक असते. आधी न्यूज, मग पिक्चर. धरणाचं उद्घाटन, पूर, परदेशी पाहुणे, जमलं तर क्रिकेट. उशिरा येणारा डोअरकीपरलाच विचारी, "न्यूज संपली का?" ही फिल्म्स डिव्हिजनची देणगी, असा सर्वसाधारण समज. पण तिचं मूळ इंग्रजांच्या भारत संरक्षण नियमांत आहे.

दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४० साली सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड काढलं. अध्यक्ष जे. बी. एच. वाडिया. इंग्लंडहून अलेक्झांडर शॉ आले, त्यांच्यानंतर 'प्रभात'च्या व्ही. शांताराम यांनी काही काळ निर्मितीची सूत्रं सांभाळली. युद्धपट निघू लागले, पण थिएटरवाले ते लावायला राजी नसत. प्रेक्षकाने पैसे मोजलेले असत ते पिक्चरसाठी. १९४३मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि इंडियन न्यूज परेड सुरू झाल्या आणि सरकारने भारत संरक्षण नियमांखाली सरळ सक्ती केली: दर खेळाला २,००० फूट मान्यताप्राप्त फिल्म दाखवायचीच, वर तिचं भाडंही भरायचं. मिनिटाला ९० फूट धरले तर ही साधारण २२ मिनिटं होतात. कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे पिक्चरची लांबी मात्र आदल्याच वर्षी ११,००० फुटांवर आणलेली.

यातून युद्धाच्या बाजूने लोकांचं मत घडलं का? वऱ्हाडात तरी ते अवघडच होतं. इथल्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक जपान; १९४१मध्ये तो बाजार बंद झाला. चलेजावचे पुढारी तुरुंगात होते, आणि न्यूज परेडच्या पडद्यावर त्यांना जागा नव्हती. निवेदन इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तामिळ, तेलुगूत. मराठीचा पत्ता नाही. ज्याच्या कापसाचं गिऱ्हाईक गेलं, त्याला दोस्तांचे विजय परक्या भाषेत ऐकवून काय साधणार? या रिळांनी लोकांना एकच सवय लावली असं मला वाटतं: सरकारी फिल्म लागली की बाहेर जाऊन बिडी ओढायची.

१९४६मध्ये मध्यवर्ती विधिमंडळातल्या आपल्या प्रतिनिधींनी या सरकारी फिल्म खात्याचा पैसा तोडला. राग रास्त होता, पण त्याची किंमतही पडली. १५ ऑगस्ट १९४७ टिपायला सरकारकडे स्वतःचं चित्रपथक उरलं नव्हतं, डॉ. पी. व्ही. पथी यांच्यासारख्यांनी आपल्या हिमतीवर कॅमेरे चालवले. लगेच १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली. सक्तीही परतली, आता थिएटरच्या परवान्यातली अट म्हणून, भाड्यासकट. गोऱ्या सरकारचं हत्यार आपल्या सरकारला बिनतक्रार चाललं, याचं त्या काळी फारसं कुणाला नवल वाटलेलं दिसत नाही.

फरक पडला तो प्रेक्षकात. १९७१पर्यंत निवेदन मराठीत आलं होतं, युद्ध आपलं होतं. पाकिस्तानशी झालेलं ते युद्ध ३ ते १६ डिसेंबर, अवघ्या तेरा दिवसांत आटोपलं. न्यूजच्या प्रती आधी शहरांत फिरत. फिरत्या तंबूपर्यंत त्या पोचायच्या तेव्हा शिळ्या झालेल्या असत. ढाक्याची शरणागती लोकांनी रेडिओवर कधीच ऐकली होती. तरी सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी आणि शेजारी बसलेले आपले जनरल अरोरा पडद्यावर दिसले, तेव्हा बिडीसाठी उठणारी माणसंही बसून राहिली असतील. खबर जुनीच होती. लोकांना ती डोळ्यांनी पाहायची होती, आणि त्यासाठी नियमाची गरज नव्हती.