धनंजयराव गाडगीळ : तालुका ते सूत्र

मध्य प्रदेश शासनाच्या नियोजन खात्यात आम्ही नवखे होतो, तेव्हा 'गाडगीळ सूत्र' हे आम्हांला नियमावलीतील एखादे कलम वाटे. त्यामागे नाशिकला जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला एक मराठी अर्थशास्त्रज्ञ उभा आहे, हे भोपाळच्या आमच्या कित्येक सहकाऱ्यांच्या गावीही नव्हते.

कै. धनंजयरावांचा (१९०१–१९७१) पहिला ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. विषय होता हिंदुस्थानची औद्योगिक उत्क्रांती. परंतु १९३० मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा हाती आल्यावर त्यांची दृष्टी देशावरून मुलखाकडे वळली. वाई तालुक्यातील शेतीची पाहणी, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी अशी कामे संस्थेने केली. आकडे दप्तरातून न उचलता घरोघरी, शेतोशेती जाऊन गोळा करावयाचे, ही त्यांची शिस्त. पुढे प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. अर्थशास्त्राच्या किती प्राध्यापकांनी उसाच्या हिशेबाला असा हात लावला असेल?

१९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. तोवर राज्यांना केंद्राचे साहाय्य योजनेगणिक मिळे. ज्याचा दिल्लीत वशिला, त्याची योजना पुढे. १९६९ च्या सूत्राने हे बदलले. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवून उरलेल्या रकमेची वाटणी ठरली : ६० टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न (सरासरीखालील राज्यांसाठीच), करवसुलीचा प्रयत्न, चालू मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्याच्या विशेष अडचणी यांवर प्रत्येकी १० टक्के. राज्याच्या अधिकाऱ्याला दिल्लीत हात जोडण्याऐवजी हिशेब मांडता येऊ लागला. आम्हांला हेच त्यातले मोठे वाटते.

उणीव मात्र होती, आणि ती त्यांच्याच पद्धतीला सोडून होती. दारिद्र्याला अवघे १० टक्के, तेही राज्याच्या सरासरीवर! तालुका मोजणाऱ्या माणसाच्या सूत्रात तालुका दिसेनासा झाला. महाराष्ट्राच्या सरासरीत मुंबई-पुण्याआड मराठवाडा व विदर्भ झाकले गेले. त्यांचा अनुशेष खातेवार मोजला तो १९८४ साली वि. म. दांडेकरांच्या समितीने, आणि दांडेकर हे गोखले संस्थेत गाडगिळांच्याच नंतरचे संचालक!

मे १९७१ मध्ये दिल्लीचे पद सोडून पुण्यास परतताना रेल्वेतच धनंजयरावांचे निधन झाले. सूत्रात पुढे फेरफार होत गेले, तरी आमच्या सेवेची बहुतेक वर्षे त्याच्याच चौकटीत गेली. २०१५ मध्ये नियोजन मंडळाच्या जागी नीती आयोग आला आणि सूत्रही वापरातून गेले.